स्मशानकोल्हा: दोन मानाचं हे क्रिएचर भारी पडतंय का?

उलटा पत्ता

नमस्कार मंडळी. मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळासाठी स्वतःची कार्डं रचायचा नाद लागलाय. आम्ही चौघं खेळतो, तेवढ्यापुरतीच. आत्तापर्यंतची माझी बहुतेक कार्डं एका डावातच बाद झाली. एक ड्रॅगन तर असा भारी झाला की तो पडल्यावर समोरच्यानं वाद न घालता पत्ते गोळा करायला घेतले. म्हणून या वेळी कार्ड छापायच्या आधीच इथे टाकतोय. नवख्यांसाठी: क्रिएचर म्हणजे लढणारा प्राणी, माना म्हणजे पत्ता उतरवायची किंमत (ती लँडच्या पत्त्यांतून मिळते), 2/1 म्हणजे ताकद 2 आणि टफनेस (डॅमेज सोसायची क्षमता) 1, +1/+1 काउंटर म्हणजे दोन्ही एकेकानं वाढवणारी खूण, बॅटलफिल्ड म्हणजे टेबलावरची मांडणी, ग्रेव्हयार्ड म्हणजे बाद पत्त्यांचा ढीग.

स्मशानकोल्हा
किंमत: 1 कुठल्याही रंगाचा माना + 1 काळा माना
क्रिएचर, कोल्हा, 2/1
जेव्हा जेव्हा दुसरं कोणतंही क्रिएचर मरेल, तेव्हा स्मशानकोल्ह्यावर एक +1/+1 काउंटर ठेवा.
स्मशानकोल्ह्यावरचे दोन +1/+1 काउंटर काढा: तुमच्या ग्रेव्हयार्डमधलं 2 किंवा कमी मानाचं एक क्रिएचर कार्ड बॅटलफिल्डवर आणा.

कल्पना अशी की कोल्हा मढ्यांवर पोसतो आणि पोट भरलं की एखादं उकरून काढतो. आमच्यात जुनी-नवी सगळी कार्डं चालतात. 60 पत्त्यांचा डेक, एका कार्डाच्या जास्तीत जास्त 4 प्रती. मला वाटतं किंमत बरोबर आहे, कदाचित कोल्हा थोडा दुबळाच असेल. तुमचं काय मत? झोडपलंत तरी चालेल.

गुपचूप

पहिल्या नजरेला दुबळाच वाटतो. दोन मानात नुसतं 2/2 म्हणजे ग्रिझली बेअर्स, ते 1993 च्या पहिल्या संचापासून आहे आणि आज त्याला कुणी हात लावत नाही. तुमचा कोल्हा त्याहून एक टफनेस कमी घेऊन उतरतो. एखाद्या 1/1 टोकनशी (दुसऱ्या कार्डानं निर्माण केलेलं, स्वतःचा पत्ता नसलेलं क्रिएचर) भिडला तरी दोघंही मरणार. वाढायच्या आधीच संपेल बिचारा.

टाचणी

गुपचूप, आकडे बघून क्रिएचर तोलायची ही रीत मला हर्थस्टोन या संगणकावरच्या पत्त्यांच्या खेळामुळे माहीत आहे. तिथे जुन्या खेळाडूंचा ठोकताळा असा: जेवढा माना, त्याची दुप्पट अधिक एक, एवढी अटॅक आणि हेल्थची बेरीज हवी. चिलविंड यती 4 मानाचा, 4/5, बेरीज 9. ज्या पत्त्यावर मजकूरच नाही त्याला हा हिशेब लागू पडतो. मजकूर आला की फसतो.

तिथलाच अंडरटेकर घ्या. 2014 मध्ये आला तेव्हा 1 मानाचा, 1/2. दिसायला किरकोळ. पण डेथरॅटलवालं (मेल्यावर काहीतरी परिणाम करणारं) मिनियन, म्हणजे तिथलं क्रिएचर, उतरलं की त्याला +1/+1 मिळायचं. पहिल्या टर्नला उतरला की तिसऱ्या-चौथ्या टर्नपर्यंत आवरेनासा व्हायचा. शेवटी जानेवारी 2015 मध्ये त्याची हेल्थवाढ काढून टाकली, फक्त अटॅक वाढू दिला. तेव्हा वाढणारं क्रिएचर जन्माच्या आकारावर तोलू नये असं माझं मत.

उलटा पत्ता

पण कोल्ह्याच्या वाढीला मरण लागतं हो. कुणीतरी मेल्याशिवाय काउंटर नाही. अंडरटेकरला नुसतं पत्ते उतरवणं पुरायचं.

जुना खेळगडी

वाढीचं सोडा, खालची ओळ बघा. त्या कामाचा बाजारभाव आधीच ठरलेला आहे. अनअर्थ नावाची सॉर्सरी (एकदाच वापरायचा मंत्र) आहे, एक काळा माना, ग्रेव्हयार्डमधलं 3 किंवा कमी मानाचं क्रिएचर परत आणते. म्हणजे एक माना आणि हातातला एक पत्ता मोजल्यावर एक क्रिएचर, तेही आपल्याच टर्नला. तुमचा कोल्हा तेच काम (मर्यादा 2 मानाची, ठीक आहे) एकही माना न घेता, एकही पत्ता न घेता, कधीही आणि कितीही वेळा करतो.

लुरसशी ताडून पाहा. 2020 चं कार्ड, 3 मानाचं. ते ग्रेव्हयार्डमधलं 2 किंवा कमी मानाचं कार्ड खेळू देतं, पण फक्त तुमच्या टर्नला, टर्नला एकदाच आणि त्या कार्डाची पूर्ण किंमत मोजून. तीन कुलपं आहेत दाराला. तरी मॉडर्नमध्ये (स्पर्धांचा एक प्रकार) मार्च 2022 ला त्याच्यावर बंदी आलीच. मान्य, त्यात मोठा वाटा 'कम्पॅनियन' नियमाचा होता, म्हणजे लुरस डेकच्या बाहेर आयता हजर असायचा. पण तुमच्या दाराला एकही कुलूप नाही, हे बघा.

पाचवी प्रत

अरे उलट्या, तुझा ड्रॅगन मी अजून विसरलो नाही. पत्ते गोळा करणारा मीच होतो.

हिशेबनीस

कोल्हा हातात किती वेळा येईल ते मांडून ठेवतो, पुढच्या वादाला उपयोगी पडेल. 60 पत्ते, 4 प्रती. पहिल्या 7 पत्त्यांत किमान एक कोल्हा असण्याची शक्यता साधारण 40 टक्के. दुसऱ्यांदा खेळणाऱ्यानं तिसऱ्या टर्नपर्यंत 10 पत्ते पाहिलेले असतात, तोवर सुमारे 53 टक्के. त्याच 10 पत्त्यांत दोन किंवा जास्त कोल्हे असण्याची शक्यता साडेबारा टक्के, म्हणजे आठ डावांत एकदा. मलिगन (सुरुवातीचे पत्ते बदलून घेणं) धरलेला नाही.

दोन कोल्ह्यांचा आकडा मुद्दाम काढला. एक क्रिएचर मेलं की दोघांनाही एकेक काउंटर मिळतो, म्हणजे दोन मरणांत दोन परतावे. तिथून पुढे हिशेब कुठे जातो ते तुम्हीच बघा.

खोडरबर

दोन कोल्ह्यांपर्यंत जायचीही गरज नाही. एकात भागतं. सावकाश लिहितो, प्रत्येकानं पत्ते टेबलावर मांडून बघावं.

पहिला टर्न: व्हिसेरा सीअर. एक काळा माना, 1/1, 'एक क्रिएचर बळी द्या: स्क्राय 1' (ओढायच्या गठ्ठ्यातला वरचा पत्ता बघणं). बळी द्यायला माना लागत नाही, टॅपही (पत्ता वापरल्याची खूण म्हणून आडवा करणं) लागत नाही.

दुसरा टर्न: स्मशानकोल्हा.

तिसरा टर्न: तीन लँड आहेत. एका मानात यंग वुल्फ, उरलेल्या दोनात ब्लड आर्टिस्ट. यंग वुल्फ 1/1, त्याला अनडाइंग आहे, म्हणजे मरताना अंगावर +1/+1 काउंटर नसेल तर एक काउंटर घेऊन परत येतो. ब्लड आर्टिस्ट टेबलावर असला की कोणतंही क्रिएचर मेल्यावर समोरच्याचं 1 लाइफ जातं, आपलं 1 वाढतं.

आता वुल्फ बळी द्या. कोल्ह्यावर एक काउंटर, समोरच्याचं एक लाइफ गेलं. वुल्फ अनडाइंगनं परत आला, अंगावर काउंटर घेऊन. पुन्हा बळी द्या. कोल्ह्यावर दुसरा काउंटर, आणखी एक लाइफ गेलं. या वेळी वुल्फ ग्रेव्हयार्डमध्येच राहिला. कोल्ह्याचे दोन्ही काउंटर काढा, वुल्फ परत आणा. तो नवा कोरा आला, अंगावर काउंटर नाही. झालं, जिथून निघालो तिथेच पोचलो आणि समोरच्याची दोन लाइफ गेली.

असं दहा वेळा केलं की 20 लाइफ संपलं. तिसऱ्या टर्नला. चारपैकी एकाही क्रिएचरनं अटॅक केलेला नाही, कुणाला टॅप करावं लागलेलं नाही, त्यामुळे समनिंग सिकनेसचाही (उतरल्या टर्नला क्रिएचरला अटॅक किंवा टॅप करता येत नाही हा नियम) अडथळा नाही.

गुपचूप

माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. बिचारा वगैरे काही नाही.

उलटा पत्ता

बाप रे. हे मला दिसलंच नाही. मी सगळ्या डावांत कोल्हा लढाईत मेलेल्या क्रिएचरांवर पोसला जाताना कल्पिला होता. आपलंच क्रिएचर फुकटात मारता येतं हे डोक्यातच आलं नाही.

पण एक शंका. यात चार वेगवेगळी कार्डं लागतात. चारही तिसऱ्या टर्नपर्यंत हातात येणं कठीण नाही का?

हिशेबनीस

नेमकी ही चारच म्हटलीत तर कठीण. पण प्रत्येक जागेला दुसरा उमेदवार आहे. सीअरच्या जागी कॅरियन फीडर चालतो, तोही एका मानात बळी घेतो. वुल्फच्या जागी डूम्ड ट्रॅव्हलर, तो मेला की 1/1 स्पिरिट टोकन सोडून जातो. आधी तो, मग टोकन, ही दोन मरणं झाली आणि तुमचे दोन काउंटर झाले. आर्टिस्ट तर नंतर आला तरी चालतो. सीअर दर बळीला स्क्राय करतोय, म्हणजे लाइब्ररीतला (ओढायच्या गठ्ठ्यातला) वरचा पत्ता नको असेल तर तळाला ढकलता येतो. लूप अमर्याद असेल तर आर्टिस्ट वर येईपर्यंत ढकलत राहायचं. पुढचा ड्रॉ ठरलेला.

एका जागेला जेव्हा 8 किंवा 12 उमेदवार असतात, तेव्हा 4 प्रतींचा हिशेब लावून समाधान मानू नये.

उलटा पत्ता

ठीक. मग साधा उपाय. खालच्या ओळीला शेपूट जोडतो: 'ही अ‍ॅबिलिटी दर टर्नला एकदाच वापरा.' आता लूप तुटला. बरोबर?

जुना खेळगडी

नाडूची गोष्ट आठवते का कुणाला? मॉडर्न होरायझन्स 3, जून 2024. नाडू, विंग्ड विस्डम. 3 मानाचा, 3/4, उडणारा. तुमच्या क्रिएचरला कुणी टार्गेट केलं की लाइब्ररीतला वरचा पत्ता उघडायचा, लँड असेल तर थेट बॅटलफिल्डवर, नसेल तर हातात. आणि शेवटी सभ्यपणे लिहिलंय, हे टर्नला दोनदाच होईल.

दोनदाच, पण कुणासाठी? ती अ‍ॅबिलिटी नाडू स्वतःकडे ठेवत नाही, तुमच्या प्रत्येक क्रिएचरला वाटतो. पाच क्रिएचर असतील तर दहा वेळा. त्याला जोडीला शुको मिळाला, 2005 चं एक इक्विपमेंट (क्रिएचरला जोडायचं साधन), इक्विपची म्हणजे जोडायची किंमत शून्य. फुकटात टार्गेट करत बसायचं. एकेक टर्न इतका लांबायचा की समोरच्यानं उठून फेरफटका मारून यावं. त्या संचाच्या प्रो टूर स्पर्धेत नाडूचाच डेक जिंकला आणि 26 ऑगस्ट 2024 ला मॉडर्नमध्ये नाडूवर बंदी आली. दोन-अडीच महिन्यांचं आयुष्य. नंतर डिझायनरनं स्वतः लिहून कबूल केलं की कार्डाचा मजकूर शेवटी शेवटी बदलला गेला आणि बदललेला मजकूर खेळून पाहिलाच गेला नाही.

हे सांगायचं कारण, तुम्हीही आत्ता तेच करताय. एका ओळीनं भोक बुजवलं आणि पुढे निघालात. तुमच्या 'दर टर्नला एकदाच' मध्ये मला दोन गोष्टी दिसतात.

एक, टर्न समोरच्याचाही असतो. म्हणजे एका फेरीत दोनदा. चौघं खेळत असाल तर चारदा.

दुसरी, मर्यादा त्या कोल्ह्यापुरती आहे. कोल्हा मेला आणि परत आला की नियमांच्या दृष्टीनं तो वेगळा कोल्हा, त्यानं या टर्नला काहीच वापरलेलं नाही. आणि कोल्ह्याला परत कोण आणू शकतं? दुसरा कोल्हा. तो दोन मानाचाच आहे ना.

पाचवी प्रत

लेजंडरी कर मग. एका वेळी एकच कोल्हा.

खोडरबर

माझ्या लूपला एकच कोल्हा लागतो, वर बघा. लेजंडरी करून फक्त दुसरा हातात आला की वैताग येईल. तो उपाय नाही, ती शिक्षा आहे, तीही चुकीच्या माणसाला.

टाचणी

फिनॅलिटी काउंटर लावलं तर? 2023 च्या लॉस्ट कॅव्हर्न्स ऑफ इक्सालान या संचापासून आहेत. कोल्ह्यानं आणलेल्या क्रिएचरवर एक फिनॅलिटी काउंटर ठेवायचं. ते क्रिएचर पुढच्या वेळी मरणार असेल तर मरत नाही, एग्झाइल होतं, म्हणजे डावातून बाहेर जातं. एग्झाइल झालं म्हणजे 'मेलं' नाही, त्यामुळे कोल्ह्याला काउंटर नाही, आर्टिस्टला लाइफ नाही, वुल्फचं अनडाइंगही नाही. एका मढ्याला एकदाच उकरायचं. गोष्टीतही बसतं.

उलटा पत्ता

हे आवडलं! मग असं करू. दर टर्नला एकदाच, फक्त तुमच्याच टर्नला, फिनॅलिटी काउंटर, आणि काउंटर फक्त तुमचं टोकन नसलेलं क्रिएचर मेल्यावर. आता तरी?

गुपचूप

आता कार्ड वाचायला भिंग लागेल. हलकेच घ्या.

जुना खेळगडी

गुपचूप गमतीत म्हणाले, पण बरोबर म्हणाले. मघाशी एकही कुलूप नव्हतं, आता चार झाली. प्रत्येक कुलूप ज्या चोरासाठी आहे तो वेगळा आहे का हे विचारा. इथे चारही कुलपं एकाच चोरासाठी आहेत, म्हणजे फुकटच्या पुनरावृत्तीसाठी. त्याला एक पुरतं, आणि ते या खेळात पहिल्या दिवसापासून आहे. टॅप करणं.

लिहा: 'टॅप करा, दोन +1/+1 काउंटर काढा: ...' बस. कोल्हा तुमच्या पुढच्या अनटॅप स्टेपपर्यंत (टर्नच्या सुरुवातीला आडवे पत्ते उठतात तोवर) उठत नाही, म्हणजे पूर्ण फेरीत एकदाच, कितीही जण खेळत असोत. उतरला त्या टर्नला समनिंग सिकनेसमुळे टॅपच होत नाही, म्हणजे समोरच्याला त्याला मारायला एक टर्न मिळतो. दुसऱ्या कोल्ह्यानं परत आणला तरी नव्यानं आजारी. वर एक वेगळीच गंमत मिळते: अटॅक केला तर टॅप झाला, मग उकरणं नाही. उकरायचं असेल तर अटॅक नाही. काउंटर साठवून 6/5 झालेला कोल्हा घरी बसवायचा की धाडायचा, हे आता खेळणाऱ्याला ठरवावं लागेल. आधीच्या मजकुरात त्याला काहीच ठरवावं लागत नव्हतं. अटॅकही करा, ब्लॉकही करा, मरता मरता उकराही.

फिनॅलिटी वाईट नाही. पण टॅप असताना ती घातलीत तर कोल्हा कुणी खेळणार नाही. दोन क्रिएचर मेल्यावर, एक टर्न थांबून, एक दोन मानाचं क्रिएचर, तेही एकदाच? त्यापेक्षा अनअर्थ बरा.

खोडरबर

खेळगड्यांशी सहमत, पण माझा स्वभाव गप्प बसू देत नाही. टॅपच्या मजकुरावरही लूप आहे. इन्ट्रूडर अलार्म. 3 मानाचं निळं एन्चांटमेंट (टेबलावर टिकून राहणारा मंत्र), 1998 चं. कोणतंही क्रिएचर बॅटलफिल्डवर आलं की सगळी क्रिएचर अनटॅप. कोल्हा टॅप करून वुल्फ आणला, वुल्फ आल्यामुळे कोल्हा उठला. पुन्हा तेच चक्र.

उलटा पत्ता

म्हणजे हेही गेलं? मी झोपायला जातो.

जुना खेळगडी

थांबा हो, झोपू नका. अलार्म समोर ठेवून तोललं तर टॅप करून क्रिएचर आणणारं जवळजवळ कोणतंही कार्ड तुटलेलं निघेल. तो अलार्मचा गुण आहे, कोल्ह्याचा दोष नाही.

'लूप आहे का' असा प्रश्न या खेळात विचारण्यात अर्थ नाही. तीस वर्षांहून जास्त काळ कार्डं निघताहेत, शोधणाऱ्याला लूप सापडतोच. विचारायचं ते असं: किती पत्ते लागतात, कितव्या टर्नला होतो, मधे किती जागा थांबवायला मिळतात, आणि त्यातले पत्ते एकेकटे उपयोगी आहेत का.

पहिल्या मजकुरात चार पत्ते, तिसरा टर्न, दोन रंग. सगळे पत्ते स्वस्तातली क्रिएचर आणि त्या डेकमध्ये एरवीही घालण्यासारखे. म्हणजे लूप जमला नाही तरी नुकसान नाही. आता पाच पत्ते लागतात, तीन रंग लागतात, त्यातला अलार्म एकटा पडला तर तुमचीच क्रिएचर टर्नच्या सुरुवातीला अनटॅप होऊ न देता अडकवून ठेवतो. शिवाय कोल्हा एक टर्न आधी उतरून जिवंत राहायला हवा. तेवढं सगळं जुळवून कुणी जिंकला तर जिंकू द्या त्याला.

हिशेबनीस

अनुमोदन. आणि त्या एका टर्नात कोल्हा मरतो हे विसरू नका. 2/1 आहे. लायटनिंग बोल्ट (3 डॅमेज देणारा मंत्र) सोडा, एका डॅमेजनंही जातो. फेटल पुश तर तो 10/9 झाला तरी एका मानात उडवतो, कारण पुश आकार बघत नाही, किंमत बघतो.

खोडरबर

ठीक, अलार्म मागे घेतो. पण पहिल्या मजकुरात बोल्टचं काय झालं असतं तेही सांगून टाकतो, कारण टॅपचा खरा फायदा मला तिथे दिसला.

समजा जुना कोल्हा दोन काउंटर घेऊन 4/3 उभा आहे, आत्ताच उतरलाय. मी त्याच्यावर बोल्ट टाकला, 3 डॅमेज. स्टॅकवर बोल्ट असतानाच (म्हणजे अजून लागायचा असताना) समोरचा दोन काउंटर काढतो आणि वुल्फ आणतो. मग बोल्ट लागतो, 2/1 झालेला कोल्हा मरतो. माझा एक पत्ता गेला, त्याचा कोल्हा गेला, पण वुल्फ आला. म्हणजे मी मारूनही त्याचं क्रिएचर एकही कमी झालं नाही. असं क्रिएचर खेळायला चीड आणतं.

नव्या मजकुरात उतरलेल्या टर्नला हे करता येत नाही. नंतर येतं, पण कोल्हा उठलेला असेल तरच. अटॅक करून टॅप झालेल्या कोल्ह्याला बोल्ट मारा, तो नुसता मरतो.

जाता जाता, दोन्ही मजकुरांत एक खड्डा आहे, नवख्यांनी लक्षात ठेवावा. ब्लॉक करताना 4/3 कोल्ह्यानं 2 डॅमेज खाल्ला आणि त्यानंतर त्याच टर्नला काउंटर काढले, तर तो 2/1 होतो, अंगावर 2 डॅमेज तसाच. कोल्हा मेला. स्वतःच्या हातानं.

टाचणी

एक राहिलं. 'दुसरं कोणतंही क्रिएचर' की 'तुमचं दुसरं क्रिएचर'? चौघं खेळताय म्हणून विचारतेय. चार जणांच्या डावात दर फेरीला कुणाचं ना कुणाचं मरतंच. कोल्ह्याचा मालक काही न करता पोसला जाईल.

उलटा पत्ता

'तुमचं' करतो. मनातून 'कोणतंही' आवडत होतं, कोल्हा काही मढं कुणाचं ते विचारत नाही. पण मुद्दा पटला.

आणि मग 2/2 करू का? एवढं सगळं काढून घेतल्यावर?

हिशेबनीस

नको. आधी 2/1 वरच खेळून बघा. एका वेळी एकच आकडा हलवा. दोन हलवलेत तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

उलटा पत्ता

खेळून बघितलं. नवा मजकूर ('टॅप करा, त्यावरचे दोन +1/+1 काउंटर काढा: ...') कागदावर लिहून जुन्या लँडच्या पुढे सरकवला, स्लीव्हमध्ये. पाचवी प्रत समोर होता.

पहिल्या डावात कोल्हा उतरला आणि लगेच मेला. दुसऱ्यात आलाच नाही. तिसऱ्यात मात्र बघण्यासारखं झालं. चौथा टर्न, कोल्ह्यावर दोन काउंटर, समोर ब्लॉकर एकच. मी लोभानं अटॅक केला, 4 डॅमेज दिला. त्यानं आपल्या टर्नला बोर्ड साफ करणारी सॉर्सरी टाकली, चार मानाची, सगळी क्रिएचर एकदम. कोल्हा टॅप होता. एक वुल्फ उकरता आला असता तर... नाही, तोही त्याच सॉर्सरीत गेला असता म्हणा. आणि बाकीची सगळी एकदम मेली त्याचे काउंटर घ्यायला कोल्हाच उरला नव्हता. चौथ्या डावात मी त्याला तीन टर्न घरी बसवून ठेवला, दर फेरीला एकेक क्रिएचर उकरलं आणि सावकाश जिंकलो. पाचवी प्रत हरला पण पत्ते गोळा करेपर्यंत भांडत होता की मी सहाव्या टर्नला अटॅक केला असता तर त्यानं मारला असता.

पाचवी प्रत

मारलाच असता. हातात पुश होता. तू अटॅक करायची वाट बघत बसलो तिथे चुकलो, आधीच टाकायला हवा होता. पुन्हा खेळू.

खोडरबर

कार्डावर पूर्ण नाव लिहा हो, 'स्मशानकोल्ह्यावरचे'. नव्या मजकुरात तुम्ही नुसतं 'त्यावरचे' लिहिलंय. 'त्यावरचे' म्हणजे मेलेल्या क्रिएचरवरचे असंही कुणी वाचेल.

उलटा पत्ता

बदललं.